दोष इंजेक्टरचा की तारेचा?

कसारा घाटाची चढण अर्ध्यावर आलेली असते. अशा वेळी मालाने भरलेल्या ट्रकच्या इंजिनाचा नाद एकाएकी बदलतो. सहा सिलिंडरांचा एकसारखा ठेका मोडतो, गाडी आचके देऊ लागते आणि तिचा जोर नाहीसा होतो. ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, क्लीनर चाकामागे दगड लावतो. एक सिलिंडर मिस मारतो आहे, एवढे दोघांच्याही कानांना कळलेले असते. तो सिलिंडर कोणता आणि तो का रुसला, हा खरा प्रश्न असतो.

जुन्या मिस्त्रीजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार होते. इंजिन चालू ठेवून तो एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट पान्याने थोडा सैल करी. ज्याचा नट सैल केल्याने इंजिन अधिकच अडखळे, तो सिलिंडर निर्दोष. आणि ज्याचा नट सैल करूनही आवाजात काहीच फरक पडत नसे, तो अपराधी. ही परीक्षा साधी होती आणि त्या इंजिनांसाठी योग्यही होती. आजच्या इंजिनावर मात्र हीच परीक्षा करणे म्हणजे हात गमावण्याची तयारी ठेवणे होय. हा फरक कशाने पडला, हे आधी समजून घेतले पाहिजे.

रूडॉल्फ डिझेल याने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी १८९२ साली अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी रीतीने चालले. त्यात तेल आत फवारण्यासाठी दाबाखालची हवा वापरावी लागे. पुढे १९२७ साली बॉश कंपनीने तेलाच्या पंपाचे कारखान्यात उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन रस्त्यावरच्या वाहनांत सुखाने नांदू लागले. या व्यवस्थेत पंप प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने तेल पाठवी आणि तेलाच्या दाबानेच नोझलची सुई उचलली जाई. इंजेक्टरला तार अशी नव्हतीच. जे बिघडे ते लोखंडात बिघडे आणि डोळ्यांना किंवा कानांना सापडे.

१९९५ साली जपानमधील डेन्सो कंपनीने हिनो ट्रकसाठी आणि १९९७ साली बॉशने मोटारगाड्यांसाठी ‘कॉमन रेल’ पद्धत बाजारात आणली. या पद्धतीत पंप एका जाड नळीत तेल साठवून ठेवतो. त्याचा दाब कमी-अधिक होत असला तरी कामाच्या वेळी तो १,००० बारांच्या वर सहज जातो आणि अनेक इंजिनांत २,००० बारांपर्यंत पोचतो. ट्रकच्या टायरमधला दाब आठ बारांच्या आसपास असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. अशा नळीचा नट सैल केला, तर सुईसारखी बारीक धार कातडी भेदून तेल मांसात घालते. जखम टाचणीएवढी दिसते; पण तिच्यापायी बोट किंवा हात कापून टाकण्याची पाळी येऊ शकते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची बंधने देशभर लागू झाली, आणि ही पद्धत लहान गॅरेजांच्या दारातही येऊन उभी राहिली.

या नव्या इंजेक्टरमध्ये सुई केव्हा उचलावयाची हे वीज ठरविते. इंजेक्टरच्या माथ्यावर तारेची एक कॉइल असते. तिच्यातून प्रवाह गेला की ती चुंबक बनून एक चिमुकली झडप उचलते. सुईच्या वरचा दाब उतरतो आणि खालच्या दाबाने सुई वर जाते. हा सारा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात उरकावा लागतो. त्यासाठी गाडीचा संगणक बॅटरीची वीज साठ ते ऐंशी व्होल्टांपर्यंत चढवून पहिला जोराचा झटका देतो आणि नंतर कमी प्रवाहावर झडप धरून ठेवतो. काही इंजेक्टरांत कॉइलच्या जागी विजेने किंचित लांबणाऱ्या स्फटिकांची चळत असते. त्यांना शंभराहून अधिक व्होल्ट लागतात. असा इंजेक्टर चालत्या इंजिनावर तारेपासून कधीही तोडू नये. भरलेली वीज आत अडकून तो उघडाच राहण्याचा धोका असतो.

हे सारे ध्यानात ठेवून घाटातल्या त्या ट्रकपाशी परत यावे. मिस्त्री स्कॅनर लावतो आणि पडद्यावर ६५३ हा क्रमांक उमटतो. मोठ्या वाहनांत ६५१ ते ६५६ हे क्रमांक पहिल्या ते सहाव्या इंजेक्टरचे. लहान गाड्यांत हेच काम पी ०२०१ आणि त्यापुढचे क्रमांक करतात. क्रमांकामागे पाच हा आकडा असेल तर प्रवाह कमी किंवा मार्ग तुटलेला, आणि सहा असेल तर प्रवाह वाजवीपेक्षा जास्त, असा त्याचा अर्थ. पाच आकडा पाहताच घाईचा मिस्त्री निकाल देतो, “तीन नंबरचा इंजेक्टर गेला.” येथेच चूक होते. स्कॅनरने दोष दिला आहे तो तिसऱ्या इंजेक्टरच्या विद्युत्-मार्गाला. त्या मार्गात इंजेक्टर आहे, त्याची जोडणी आहे, कित्येक हात तार आहे आणि शेवटी संगणकही आहे. नवा इंजेक्टर हजारो रुपयांचा असतो. ज्याच्याजवळ एकच ट्रक आहे आणि ज्याच्या डोक्यावर त्या ट्रकचा हप्ता आहे, त्या मालकाला या घाईची किंमत मोजावी लागते. आणि दुसऱ्या दिवशी त्याच घाटात गाडी पुन्हा अडखळली, तर पैशाबरोबर विश्वासही जातो.

आपल्या वैद्यकशास्त्रात रोगाच्या ज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. इंजिनाच्या रोगालाही ती चांगली लागू पडतात. स्कॅनरवरचा क्रमांक हे केवळ रूप होय. पूर्वरूप ड्रायव्हरला विचारावे लागते. दोष पावसात दिसतो की उन्हात, इंजिन थंड असता की तापल्यावर, सपाटीवर की चढणीवर? या ड्रायव्हरचे उत्तर असे की, सपाटीवर गाडी ठीक चालते. चढणीवर जोर दिला की अडखळते. अर्धे निदान या एका वाक्यात दडलेले आहे.

त्यानंतर इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि संगणकाला शांत होण्यास अवधी देऊन डोळ्यांनी तपासणी करावयाची. जोडणीत पाणी वा तेल शिरले आहे काय, पिना हिरवट पडल्या आहेत काय, उंदराने तार कुरतडली आहे काय, हे पाहावयाचे. मग मीटरची पाळी येते. कॉइलचा रोध बहुधा अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, आणि मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध दोन-तीन दशांश ओहम भरू शकतो. म्हणून मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा प्रथम वजा केला पाहिजे, आणि मग सहाही इंजेक्टर मोजून एकमेकांशी ताडून पाहिले पाहिजेत. पाच भावंडांहून जो निराळा, तो संशयित. कॉइल कोठे अर्थ होते आहे काय हेही पाहावे. कॉइल ठोकून पाहण्यासाठी तिला बॅटरीची वीज थेट देण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. अर्ध्या ओहमच्या कॉइलला चोवीस व्होल्ट दिले, तर गणिताने अठ्ठेचाळीस अँपिअर प्रवाह होतो. चांगली कॉइलही त्यात जळून जाईल.

आणखी एक फसवणूक ध्यानात ठेवावी. पुष्कळ इंजिनांत दोन-तीन इंजेक्टरांना संगणकातील एकाच भागातून वीज मिळते. त्यांतला एक शॉर्ट झाला, की संगणक त्या सबंध गटाचीच वीज तोडतो आणि निरपराधही आरोपी ठरतात. कॉइलचे इंजेक्टर असल्यास प्रत्येक वेळी किल्ली बंद करून एकेकाची जोडणी काढून पाहावी. ज्याची काढताच बाकीचे कामाला लागतात, तो खरा गुन्हेगार.

या ट्रकचे सहाही आकडे सारखेच आले. आता उपशय, म्हणजे उपाय करून पाहून केलेली परीक्षा. तिसरा आणि पाचवा इंजेक्टर यांची अदलाबदल करावयाची. प्रत्येकाचा मोजमापाचा संकेतांक असेल तर तो संगणकात नव्याने नोंदवावयाचा आणि गाडी पुन्हा चढणीवर न्यावयाची. क्रमांक ६५५ झाला तर दोष इंजेक्टरबरोबर गेला. ६५३ च राहिला तर दोष तारेत किंवा संगणकात आहे. या गाडीचा क्रमांक ६५३ च राहतो. मग दोन्ही टोके सोडवून तार मोजली जाते. मीटर ती अखंड असल्याचे दाखवितो. परंतु मिस्त्री ती हाताने हळूहळू वाकवीत पुढे सरकतो आणि इंजिनाजवळच्या वळणावर आकडा एकदम उडतो. वरचे प्लास्टिक शाबूत आहे, आतली तांब्याची तार तुटलेली आहे.

उरली ती संप्राप्ती, म्हणजे रोग कसकसा वाढत गेला याचा उलगडा. तार धरून ठेवणारी क्लिप कधीतरी निघाली आणि पुन्हा कोणी बसविली नाही. चढणीवर जोर पडला की इंजिन आपल्या रबरी बैठकीवर किंचित कलते, सैल तार त्याच्याबरोबर ताणली जाते आणि तुटलेली टोके अलग होतात. सपाटीवर ती पुन्हा एकमेकांना टेकतात. ड्रायव्हरच्या त्या एका वाक्याचा अर्थ आता पूर्ण लागतो. तार सांधून भागणार नाही. क्लिपही बसविली पाहिजे, नाहीतर काही महिन्यांनी नवी तारही त्याच जागी तुटेल.

विजेची प्रत्येक परीक्षा निर्दोष ठरूनही इंजिन अडखळत राहिले, तर मात्र नोझल, परतीच्या तेलाची गळती आणि सिलिंडरचा दाब यांकडे वळावे. कारण लोखंड अजूनही लोखंडासारखेच झिजते. संगणकाला दोष द्यावयाचा तो सर्वांच्या शेवटी. या ट्रकवर ती वेळ आली नाही. मिस्त्रीने हातभर तार आणि एक क्लिप यांचे पैसे घेतले, शिवाय अर्ध्या दिवसाची मजुरी घेतली. आणि मालकाने ती घासाघीस न करता दिली.