माती शिजवायची गोष्ट

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवतात हे आपल्याला ठाऊकच आहे. हळद निघायच्या दिवसांत वसमत, औंढा, कळमनुरी, कुठंही या, शिवारात धूर आणि शिजल्या हळदीचा वास असतोच. पण माती शिजवणारं घर आमच्या गावात आमचंच पहिलं. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "हळद शिजवायलेले लई बघितले, माती शिजवायलेली तूच पहिली. आता फोडणी बी दे तिला."

ही माती कशासाठी, ते सांगते. अळिंबी, म्हणजे मशरूम. बहुतेक ठिकाणी घरी करतात ती धिंगरी. तिला माती लागत नाही. बाजारात डब्यातून येते ती बटन अळिंबी. तिला फळं धरायला १५ ते १८ अंश थंडावा हवा. तो आमच्याकडं विकतच घ्यावा लागेल. आमच्या हवेला मानवते ती दुधी अळिंबी. पांढरीशुभ्र, जाड देठाची, ३० ते ३५ अंशांत सुखानं वाढणारी. आपल्याच देशातली, पश्चिम बंगालमधल्या संशोधकांनी १९७४ साली तिची शास्त्रीय नोंद केली. पुढं तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठानं तिची लागवड सोपी करून दिली. हिची एकच अट. काडावर बुरशी पूर्ण पसरली, पिशवी आतून पांढरी झाली, की वरून मातीचा थर द्यावा लागतो. त्याला केसिंग म्हणतात. तो दिला नाही तर पिशवी पांढरी होऊन तशीच बसून राहते. फळ धरत नाही, धरलं तर एखादंच.

या मातीत अळिंबीचं खाणं नसतं, ते खाली काडात असतं. माती पाणी धरून ठेवते, खालची हवा वर आणि वरची खाली जाऊ देते, आणि वाढणाऱ्या फळाला आधार देते. बटन अळिंबीवरच्या अभ्यासात असंही दिसलं आहे, की या थरातले काही जिवाणू बुरशीला फळं धरायला मदत करतात. युरोपात यासाठी दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, पीट, वापरतात. आपण आपली माती बघायची.

आणि इथंच आम्ही माती खाल्ली.

आमच्या बचत गटातल्या तिघींनी गटाचं ६,००० रुपये कर्ज उचललं. तयार मी केलं होतं दोघींना. एक माझी जाऊ, दुसरी शेजारीण. शेजारणीच्या मुलीची कॉलेजची फी त्याच वर्षी भरायची होती, आणि दिवाळीपर्यंत पैसे सुटतील असं मी तिला छातीठोक सांगितलं होतं. जुलैत ३० पिशव्या भरल्या. अठरा-वीस दिवसांत सगळ्या पांढऱ्या झाल्या. बियाणं देणारा म्हणाला होता, शेतातली माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घाला. आम्ही हळदीच्या वावरातली काळी माती आणली, त्याच वावराच्या उकिरड्यावरचं शेणखत आणलं, चाळलं, ओलं केलं आणि पिशव्यांवर घातलं. हाताला सारवायची सवय. तळव्यानं असं गुळगुळीत सारवलं की जाऊ म्हणाली, "वहिनी, रांगोळी तेवढी राहिली."

पाचव्या दिवशी मातीवर पांढरं दिसलं. आम्हाला आनंद झाला. आठव्या-नवव्या दिवशी ते पांढरं हिरवं झालं. पोपटी, मग गर्द हिरवं. ३० पैकी २६ पिशव्या गेल्या. उरलेल्या चारांत माती वाळून भेगाळली, आणि त्या भेगांतूनच काय ती आठ-दहा फळं आली.

मी दोन पिशव्या घेऊन वनस्पतिरोगाच्या एका प्राध्यापकांकडं गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेणखतात काय मिसळलं होतं?" मी म्हटलं, ट्रायकोडर्मा. हळदीला कंदकूज लागू नये म्हणून आम्ही सगळेच शेणखतातून देतो. ते हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशीला खाऊन जगते. म्हणून तर ती हळदीला राखते. आणि अळिंबी म्हणजे तरी काय? बुरशीच. शत्रूलाच आम्ही आमंत्रण देऊन पिशवीवर बसवलं होतं.

दुसरी चूक सारवण्याची. आमची काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी लिपते, वाळली की फाटते. तिच्याखाली बुरशीला श्वास घेता येत नाही. म्हणून नुसती काळी माती घेऊच नये. मी आता नदीकाठची पोयट्याची माती घेते, दोन वर्षं कुजलेलं, काहीही न मिसळलेलं शेणखत तितकंच, आणि चौथा हिस्सा धुतलेली वाळू. आपल्याकडच्या पुष्कळ जमिनी मुळातच चुनखडीच्या आहेत, म्हणून खडूची भुकटी डोळे मिटून घालायची नाही. आधी सामू तपासायचा; साडेसात ते आठ असेल तर काही घालू नये, कमी असेल तरच घालावी. गावाजवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर तपासणीची सोय कळते.

मग शिजवणं. २०० लिटरचा ड्रम, तळाला वीतभर पाणी, वर विटा, विटांवर जाळी. किंचित ओलसर मिश्रण गोणपाटाच्या लहान पोत्यांत सैल भरायचं, ठासून नाही, नाही तर मधली माती कच्ची राहते. झाकण ठेवून वाफ जोरात यायला लागली की तिथून एक तास. जाळ काढल्यावर झाकण उघडायचं नाही; दुसऱ्या सकाळी धुतलेल्या हातांनीच उघडायचं. जास्त शिजवू नका. अगदी मेलेल्या मातीवर पहिली येईल ती बुरशी राज्य करते. फॉर्मालिननं माती शुद्ध करतात, पण तो वायू डोळ्यांना, छातीला घातक आहे, लेकराबाळांच्या घरात नकोच.

ओल किती? मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी निघता कामा नये, आणि लाडू अंगठ्यानं टोकरला की फुटला पाहिजे. थर दोन-अडीच सेंटिमीटर, सगळीकडं सारखा. फूटभर रुंद पिशवीला दोन लिटरभर माती पुरते. हात फिरवायचा नाही, चोपायचं नाही, खडबडीतच राहू द्यायचं. इस्त्रीच्या वेळी वापरतात तसल्या फवाऱ्यानं हलकं पाणी द्यायचं. तो फवारा औषधाला कधी वापरलेला नसावा. आठ-दहा दिवसांत पांढरे तंतू मातीतून वर डोकावतात. मग खिडकी उघडायची, उजेड आणि वारा द्यायचा, दारांना ओली गोणपाटं लावायची. टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसले की पुढं आठवडाभरात काढणी.

दुसऱ्या खेपेला मी १० पिशव्याच भरल्या. जाऊ आली, शेजारीण आली नाही. तिनं मुलीच्या फीसाठी कानातलं मोडलं होतं. मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. त्या १० पैकी नऊ पिशव्या आल्या. पहिली काढणी मी ताटात घालून तिच्या दारात नेली. तिनं ताट घेतलं, आत ठेवलं आणि म्हणाली, "भाजी कशी करायची, ते तरी सांग."

तिच्या वाट्याच्या २,००० पैकी १,२०० रुपये मी दिलेत. आठशे राहिलेत, या हंगामात देईन म्हणते. ड्रम मात्र सध्या तिच्याकडं आहे. परवा तिच्या अंगणातून वाफ येत होती. कशाची, ते मी अजून विचारलेलं नाही.