०७८६ नंबरचे पैसे कुठे जातात?



आमच्या घरी पहिली मोटारसायकल आली, तेव्हा चाचांचा एकच हट्ट होता, "नंबर सातशे शहाऐंशीच पाहिजे." फी ऐकली आणि आम्ही गप्प बसलो. मिळाला तो नंबर घेतला. गाडी अकरा वर्षे छान चालली.

मी या आवडीची थट्टा करत नाही. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद पद्धतीने होणारी बेरीज ७८६, म्हणून लोक तो नंबर प्रेमाने घेतात. माझा प्रश्न पैशाचा आहे.

प्रत्येक मालिकेत ०७८६ एकदाच येतो, मग ती अमरावतीची एमएच २७ असो की अकोल्याची एमएच ३०. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेनुसार या नंबरची फी चारचाकीला अडीच लाख आणि दुचाकीला ५० हजार रुपये झाली. अर्जदार एकापेक्षा जास्त असले, तर बोली लागते. ही रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते आणि तिथल्या इतर महसुलात मिसळते.

कॅलिफोर्नियात वेगळी वाट सापडली. तिथे १९९४ पासून कलेसाठी खास नंबरप्लेट मिळते. तिच्यावरचे सूर्यास्ताचे आणि ताडाच्या झाडांचे चित्र वेन थीबो या चित्रकाराचे. प्लेटच्या फीतला मोठा वाटा राज्याच्या कला परिषदेला जातो. आपल्याकडे हाय सिक्युरिटी प्लेटवर चित्र काढता येणार नाही. पण नंबर तर आपण विकतोच. त्या फीतला ठरावीक वाटा त्याच जिल्ह्यातल्या कलेसाठी राखून ठेवायला काय हरकत आहे?

गरज आहेच. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले. उर्दूतून आलेली गझल त्यांनी मराठी माणसाच्या ओठावर आणली. आज त्याच वऱ्हाडात मुशायरा ठेवायचा, दंडार उभी करायची, शाळेचे नाटक बसवायचे, तर सभागृहाचे भाडे आणि माईकचे पैसे कुठून आणायचे, इथून सुरुवात होते. मग एखादा पुढारी पैसे देतो आणि मंचावर शायरापेक्षा त्याचाच फोटो मोठा लागतो.

यात एक धोका आहे. २००३ साली कॅलिफोर्नियाने कला परिषदेचे सरकारी अनुदान नव्वद टक्क्यांहून जास्त कापले. प्लेटच्या पैशाने परिषद कशीबशी तगली, पण तुटलेले अनुदान काही त्यातून भरून निघाले नाही. म्हणून नियमातच लिहून घ्यावे लागेल की नंबरचा पैसा आधीच्या अनुदानावर वरचा असेल, त्याच्या जागी नसेल. आणि कुणाला किती दिले, ती यादी सगळ्यांना पाहता आली पाहिजे.

मी इंजिनिअर माणूस. आकडा हातात नसताना मागणी करणे मला जमत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. गेल्या तीन वर्षांत पसंतीच्या नंबरांतून दरवर्षी किती रक्कम जमा झाली, एवढेच दोन्ही परिवहन कार्यालयांना विचारू. उत्तर आले की त्या आकड्यानिशी परिवहन मंत्र्यांना निवेदन देऊ.

अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे. अमरावतीतून एक आणि अकोल्यातून एक, असे दोन अर्जदार हवे आहेत. कोण तयार आहे? हात वर करा.