हेलियमचे गणित



पुंजयामिकीवर बोलावयास एक युनियनवाला उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटले असेल. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पंचवीस वर्षांपूर्वी मजुरीच्या बोलण्यांत मालकपक्षाने हिशेबाचा एक कागद पुढे केला. मला तो कळला नाही. विचारावयाची लाज वाटली आणि मी सही केली. नुकसान झाले ते काजू सोलणाऱ्या बायांचे. अवघड हिशेबाला पुन्हा भ्यावयाचे नाही, असे मी तेव्हाच ठरविले. पुढे भाचीची एम.एस्सी.ची पुस्तके घरी आली, तीही मी उघडली.

विजयदुर्गावरील ‘साहेबाचे ओटे’ आपण पाहिले असतील. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरने तेथून हेलियम शोधला, असे आपण अभिमानाने सांगतो. खरे पाहता लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. ग्रहण पाहिले ते जान्सेनने, गुंटूरला. लॉकियरने सूर्याची ती पिवळी रेषा पुढे ऑक्टोबरात, ग्रहणावाचूनच पाहिली. दंतकथा गेली, तरी हेलियमचे मोल कमी होत नाही.

१९१३ साली बोरच्या नियमांनी हायड्रोजन उलगडला. त्यात इलेक्ट्रॉन एकच. हेलियमात दोन आहेत, आणि तेथे ते नियम अडले. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग व श्रोडिंगर यांनी नवी यामिकी उभारली. तरीही दोन इलेक्ट्रॉन एकमेकांस दूर लोटतात, म्हणून हेलियमचे समीकरण नेमके सुटत नाही. उत्तर नेमके मिळत नसता त्याच्या जवळ कसे जावे, हे शिकणे म्हणजेच पदव्युत्तर अभ्यासाचा मोठा भाग.

त्याची एक रीत होडीवाल्यास सहज कळेल. दोरीला वजन बांधून आपण पाण्याची खोली पाहतो. दोरी उथळ राहील, पण तळाखाली जाणार नाही. तसाच इलेक्ट्रॉनांच्या स्थितीचा अंदाज करावा. त्यातून निघणारी ऊर्जा खऱ्या किमान ऊर्जेच्या खाली कधीच जात नाही. हेलियमचा तळ ७९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल आहे. पहिला साधा अंदाज ७४.८ पर्यंत पोचतो. एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यापासून अणुकेंद्र थोडे झाकतो, म्हणून केंद्राचा भार २ ऐवजी सुमारे १.६९ धरला की ७७.५. हिलेरासने १९२९ साली दोन इलेक्ट्रॉनांतील अंतरही हिशेबात घेतले आणि तो जवळजवळ तळाला टेकला. ७७.५ चा आकडा मी स्वतः काढला, तेव्हा तीन वह्या संपल्या होत्या!

ही केवळ पोथी नव्हे. एमआरआय यंत्रांतील बहुतेक चुंबके उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमने थंड ठेवतात. २०१४ साली प्रकाशकणांवर चालणाऱ्या छोट्या पुंज-संगणकाने हीच अंदाजाची रीत वापरून हेलियम व हायड्रोजन यांच्या जोडीची ऊर्जा काढली. भारत सरकारनेही २०२३ साली सुमारे ६,००० कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले.

त्या कामांत आपल्या किनाऱ्याची मुले असतील काय? असावीत, असे वाटत असेल तर त्यांना नुसती व्याख्याने ऐकवू नका. पाटीवर हे गणित करू द्या. चुकले तर चुकू द्या. न कळलेले विचारावयाची लाज मात्र बाळगू देऊ नका. त्या लाजेची किंमत काय असते, हे मी भोगून सांगतो आहे.