छायाचित्रणाचा छंद : फिल्म आणि तिच्यानंतर

बदनापूर हें गांव बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे तें येथील कडधान्य संशोधन केंद्रामुळें. छायाचित्रणासाठीं त्याची ख्याति नाहीं. परंतु मास्तरकी करीत असतां मीं हा छंद चाळीसहून अधिक वर्षें जोपासला. त्यांतील निम्मा काळ फिल्मवर व निम्मा डिजिटल कॅमेऱ्यावर गेल्यामुळें दोघांविषयीं चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असें मी समजतों.

माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. १२० नंबरच्या रोलवर त्यांत ६ सेंटिमीटर चौरस अशीं १२ चित्रें निघत. बारा म्हणजे बाराच! ऊन कोणीकडून येतें, कोणाचा डोळा मिटला आहे, हें बटण दाबण्यापूर्वीं पाहणें भागच असे. पुढें मी फिल्म घरींच धुऊं लागलों. सिल्व्हर ब्रोमाइडच्या ज्या कणांवर प्रकाश पडला असेल, त्यांची डेव्हलपर काळी चांदी करतो. उरलेले कण हायपोंत विरघळतात. फिल्मचें काम पूर्ण काळोखांत चाले, कागदावर प्रत काढतांना मात्र तांबडा दिवा चालत असे. ताटलींतल्या कोऱ्या कागदावर एखाद्या विद्यार्थ्याचा चेहरा हळूहळू उमटूं लागे, तेव्हां होणारा आनंद संगणकाच्या पडद्यानें मला अद्याप दिलेला नाहीं. हा पक्षपात असेल, तर असो.

डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाशाचा विजेचा भार होतो व त्या भाराचे आंकडे होतात. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें असा कॅमेरा बनविला, तेव्हां एक चित्र कॅसेटवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. त्याच कंपनीवर २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली.

माझे समवयस्क म्हणतात, निगेटिव्ह पेटींत राहते, फाइल उडून जाते. हें अर्धेंच खरें. कांहीं वर्षांपूर्वीं एक जुना विद्यार्थी आईचा फोटो मागण्यास आला. घरीं तिचा एकहि फोटो नव्हता. १९८७ च्या पालकसभेच्या निगेटिव्हमध्यें ती सांपडली, परंतु पावसाळी दमटपणानें बुरशी तिच्या पदरापर्यंत पोंचली होती. आणखी दोन पावसाळे गेले असते, तर चेहराहि गेला असता. ती निगेटिव्ह स्कॅन करून त्याला प्रत दिली, तेव्हां डिजिटलचे उपकार मला मानावे लागले.

आपल्याच मुलखांतलें एक उदाहरण पाहा. मेजर रॉबर्ट गिल यांनीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगांत नकला करण्यांत वर्षें घालविलीं. १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत त्यांतील बहुतेक जळाल्या. परंतु त्यांनींच घेतलेलीं लेण्यांचीं ७४ छायाचित्रें १८६४ सालीं पुस्तकरूपानें निघालीं होतीं. तीं आजहि पाहावयास मिळतात, कारण त्यांच्या प्रती अनेकांच्या हातीं गेल्या होत्या. एकच प्रत असलेली वस्तु, मग ती तैलचित्र असो, निगेटिव्ह असो वा फाइल असो, सारखीच धोक्यांत असते.

म्हणून सध्यां मी पेटींतील एकेक निगेटिव्ह स्कॅन करून तिच्या तीन प्रती तीन घरीं ठेवितों. यंत्राचें काम सोपें आहे. अवघड आहेत तीं नांवें. पालकसभेच्या त्या चित्रांत मागच्या रांगेंत पांच जण उभे आहेत. बाजाराच्या दिवशीं मी तें चित्र घेऊन बसतों. तिघे ओळखले गेले. दोघांचा शोध चालू आहे.