ट्रकच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलताना



माल भरलेला ट्रक चढाला लागला की पूर्वीसारखा ओढत नाही, काळा धूर सोडतो, इंजिनाच्या एका अंगाने सूं सूं आवाज येतो. आपण म्हणतो, इंजिन थकलं. पण कधीकधी दुखणं असतं ते एका पातळ पॅकिंगमध्ये. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात. त्याच्याविषयी आज थोडं बोलू.

एअर फिल्टरमधून गाळलेली हवा एका फाटे फुटलेल्या नळीतून प्रत्येक सिलिंडरकडे जाते. ही नळी म्हणजे इनलेट मॅनिफोल्ड. ती इंजिनाच्या हेडला बोल्टांनी आवळलेली असते. धातूचे दोन भाग कितीही सपाट केले तरी त्यांच्यात बारीक फट राहतेच. ती फट हे पॅकिंग बुजवतं. तापून आणि निवून ते कडक होतं, आणि एक दिवस तडकतं.

सहा लिटरचं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेरे घेताना जवळजवळ ६००० लिटर हवा ओढतं. म्हणजे २०० लिटरची ३० पिंपं, दर मिनिटाला! पॅकिंग फुटलं की यातली काही हवा फिल्टर चुकवून, रस्त्यावरची धूळ घेऊन आत शिरते. ही धूळ लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासून खाते. टर्बो असलेल्या इंजिनात उलटा प्रकार होतो. तिथे भाराखाली हवा दाबाने आत येत असते, ती फटीतून बाहेर निसटते. म्हणून ओढ कमी आणि धूर जास्त.

गुरुजी, वर्गात हे दाखवणं सोपं आहे. सरबत प्यायच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या वर टाचणीने भोक पाडा आणि मुलाला पाणी ओढू द्या. पाण्याबरोबर हवा येईल. फुटक्या पॅकिंगची गोष्ट मुलांना तेवढ्यात कळेल.

काळा धूर इतर कारणांनीही येतो. म्हणून आधी तुंबलेला फिल्टर आणि रबरी होजच्या सैल क्लिपा पाहा. दोष जोडाचाच ठरला, तर पुढचं काम करा.

पण एक मर्यादा सांभाळा. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १००० बारच्याही वर जातो. ती धार कातडी भेदते. मॅनिफोल्ड काढण्यासाठी त्या नळ्या सोडाव्या लागत असतील, तर ट्रक कारखान्यातच न्या. त्यात कमीपणा नाही.

जुन्या, साध्या इंजिनाचं काम मात्र सावकाश केलं तर घरी होतं. ट्रक सपाट जागी लावा, चाकांना अडण्या द्या, किल्ली खिशात ठेवा. इंजिन पूर्ण निवू द्या आणि बॅटरीची तार सोडा. सोडण्याआधी बाहेरून सगळी धूळ पुसून घ्या. बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करा. मॅनिफोल्ड चिकटलं तर लाकडी मोगरीने हलकेच ठोका. पहार घालून उचकटू नका.

उघडं पडलेलं प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ फडक्याच्या बोळ्याने बंद करा, आणि किती बोळे घातले तो आकडा खडूने मडगार्डवर लिहून ठेवा. जोडताना तितकेच बाहेर आले पाहिजेत. विसरलेला एक बोळा सगळ्या कष्टांवर पाणी फिरवील.

जुनं पॅकिंग ओलं करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची भुकटी फुंकू नका. पॉलिश कागदही नको, त्याचे कण आत जातात. मग सरळ पट्टी धरून मॅनिफोल्ड वाकलं नाही ना, ते पाहा.

नवं पॅकिंग त्याच इंजिनाचं आणा. पुठ्ठा कापून केलेल्या पॅकिंगची कड हवेच्या वाटेत येते. ते कोरडंच धरून सगळी भोकं जुळतात का पाहा. इंजिनाच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर वर चिकटद्रव्य थापू नका. बोल्ट आधी हाताने लावा. मग पापड जसा मधून कडेकडे लाटतात, तसे मधल्या बोल्टापासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. शेवटचा ताण पुस्तकात दिलेला असतो. त्यासाठी टॉर्कचा पाना मागून आणा. पान्याला पाइप लावून जोर केलात, तर आटे जातील किंवा मॅनिफोल्ड तडकेल.

इंजिन चालू करून जोडापाशी कान देऊन ऐका. हात आणि कपडा पंख्यापासून दूर ठेवा. गळती शोधायला पेट्रोल किंवा रॉकेल कधीही उडवू नका.

या कामात ताकद थोडी लागते, स्वच्छता फार लागते. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नाही याची खात्री असेल, तरच ते फेकण्याआधी गुरुजींना द्या. पुसून, पारदर्शक पिशवीत घालून वर्गात ठेवलं तर ते धडा शिकवील.