बोटांचे ठसे आणि माणसाची ओळख

(वार्षिक पालक सभेत केलेले भाषण)



१९६८ साली आपल्या या उपनगरांत लोक रात्री उघड्यावर झोपायला घाबरत. फुटपाथवर, झोपडीत झोपलेल्या गोरगरिबांच्या डोक्यात जड वस्तू घालून कोणीतरी खून करीत होता. माझी आजी सांगे, त्या दिवसांत प्रत्येक अनोळखी फिरस्ता खुनीच वाटे. अखेर २७ ऑगस्टला फौजदार अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी एकाला ओळखून पकडले. रामन राघव, सिंधी दलवाई, अण्णा, वेलुस्वामी अशी त्याची अनेक नावे. नाव बदलता येते; पण त्याच्या बोटांचे ठसे पूर्वीपासून पोलिसांच्या दप्तरी होते. ते जुळले आणि माणूस पक्का ठरला.

ही विद्या आपल्याच देशात वाढली. पॅरिसचा बर्तियाँ गुन्हेगारांच्या डोक्याची, हातापायांची मापे घेई. पण मापणाऱ्याचा हात चुकला की सारेच चुकले. बंगालात विल्यम हर्शेल याने १८५८ सालीच करारावर हाताचा ठसा घेतला होता. प्रश्न असा, की हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा? तो सोडवला काझी अझीझुल हक या सब-इन्स्पेक्टरने. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला हा तरुण. दहा बोटांच्या पाच जोड्या. प्रत्येक बोटावर भोवरा आहे किंवा नाही, म्हणजे एका जोडीला चार शक्यता. चारला चारने गुणत पाच जोड्यांपर्यंत जा, १०२४ येतात. बत्तीस गुणिले बत्तीस खणांचे कपाट तयार! गणिताचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या आठवीच्या वर्गाला मी हेच फळ्यावर मांडून दाखवतो. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. हक आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी खपून उभ्या केलेल्या पद्धतीला नाव मात्र पडले साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे.

पण ठसा किती बोलतो? जलपैगुडीच्या एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. पंचांगावर रक्ताळलेला ठसा सापडला, तो जुन्या नोकराचा निघाला. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल नाही. हे बोट इथे लागले, एवढेच ठसा सांगतो. त्याच सरकारचा १८७१ चा कायदा मात्र जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवीत होता. तो १९५२ साली गेला. म्हणून पालकांना सांगतो, वस्तीवरून वा आडनावावरून कोणी तुमच्या मुलाकडे बोट दाखवले तर घाबरून गप्प बसू नका. पुरावा कोणता, ते विचारा.

कालिन्याला सरकारची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथे रक्त, विष, डीएनए यांची तपासणी होते. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञांनी जागेवर जावे, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेला कायदा म्हणतो. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. रसायन, जीवशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे.

शाईचा पॅड टेबलावर ठेवला आहे. नववीतल्या जुळ्या भावांनी आधी यावे. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए बहुतेक सारखाच, पण ठसे वेगळे असतात. भिंग त्यांच्या आईच्या हाती देऊ.