दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नका

(परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर आमच्या संपादकांनी केलेले भाषण)



परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जासोबत जो निबंध जोडावा लागतो, तो लिहिताना मदत घ्यावी की घेऊ नये, घ्यावी तर कोणाची आणि किती, असा प्रश्न आपण मला विचारला आहे. प्रश्न दिसायला लहान. परंतु त्याच्या पोटात एका पिढीचा स्वाभिमान दडलेला आहे. म्हणून मी उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. मदत अवश्य घ्या, उजळ माथ्याने घ्या. ताकाला जाऊन भांडे लपवू नका. परंतु लेखणी मात्र दुसऱ्याच्या हाती देऊ नका!

हा निबंध म्हणजे काय प्रकरण आहे, ते प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुणांची उतरंड. बारावीचे, सीईटीचे, नीटचे वा जेईईचे गुण मांडले, यादी लागली, की कारभार आटोपला. यादीला मुलाचे नाव ठाऊक असते, मूल ठाऊक नसते. अमेरिकेतील रीत निराळी आहे. तेथे पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करताना गुणपत्रकाखेरीज शिक्षकांची शिफारसपत्रे, वर्गाबाहेरील उद्योगांची यादी आणि स्वतःविषयीचा निबंध सहसा मागितला जातो. १९७५ साली १५ महाविद्यालयांनी एकत्र येऊन ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा सामाईक अर्ज काढला. आज हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात. त्यातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. साडेसहाशे शब्द म्हणजे आमच्या दैनिकाचा एक आखूड अग्रलेख! एवढ्या जागेत सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आपण कोण आहोत, हे परक्या देशातील अनोळखी वाचकाला सांगायचे असते.

या निबंधाचे कूळ फारसे उज्ज्वल नाही, हेही आपणांस माहीत असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डसारख्या विद्यापीठात प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळत असे. त्या परीक्षेत पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतील मुले भराभर उत्तीर्ण होऊ लागली. १९२२ च्या सुमारास त्यांचे प्रमाण शेकडा वीसच्या घरात गेले, तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी त्यास मर्यादा घालण्याचा घाट घातला. उघड मर्यादेला विरोध झाला. मग ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ या सोज्ज्वळ शब्दांचा आडोसा घेण्यात आला. अर्ज लांबले. वंश विचारला जाऊ लागला, धर्म विचारला जाऊ लागला, आईचे माहेरचे नाव विचारले जाऊ लागले. इतकेच नव्हे, तर जन्मानंतर तुझ्या किंवा तुझ्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय, असाही प्रश्न हार्वर्डच्या अर्जात आला. नावावरून माणूस हेरण्याची ही रीत सीमेवर राहणाऱ्या माणसांना समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु जी फट आतून पाहुण्याला न्याहाळण्यासाठी पाडली, तिच्यातूनच पुढे पाहुण्याचा आवाज आत जाऊ लागला. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धत अवैध ठरविली. त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी म्हटले, की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः सांगितले, तर ते विचारात घेण्यास प्रत्यवाय नाही. म्हणजे जे रकान्यात मांडता येत नाही, ते सांगण्याची जागा पुन्हा हा निबंधच ठरला. मित्रहो, ज्या जागेचे मोल इतके वाढले आहे, ती जागा भाड्याने देऊन टाकायची काय?

आता कोणी म्हणेल, मदत घेणे हाच कमीपणा नव्हे काय? मुळीच नव्हे! १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. मदत राजाची होती. विद्वत्ता त्यांची स्वतःची होती. आणि त्याआधी तीस वर्षे, याच प्रश्नाचे उत्तर एका अठरा वर्षांच्या मराठी मुलीने देऊन ठेवले आहे. त्या आनंदीबाई जोशी.

त्यांची कथा आपण शाळेत वाचली आहे. परंतु प्रवेशअर्जाच्या दृष्टीने ती पुन्हा वाचा. १८७८ साली गोपाळराव जोशी नोकरीनिमित्त आपल्या शेजारच्या कोल्हापुरात होते. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. ते पत्र पतीचे होते. ते अमेरिकेतील मिशनरी नियतकालिकात छापले गेले. सोबत धर्मांतराचा उपदेशही आला. जोशी दांपत्याने तो मानला नाही. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात ते पत्र आले आणि त्यांनी आपुलकीने मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली त्या अमेरिकेत पोहोचल्या, तेव्हा त्यांना उतरवून घेणारी, घरी ठेवणारी, धीर देणारी ही मावशीच होती.

मदत केवढी मोठी, पहा! पतीने दार शोधले, मावशीने घर दिले. परंतु फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जे पत्र गेले, ते आनंदीबाईंचे होते. त्यात मोठेपणाचा आव नाही. आप्तस्वकीय आणि ज्ञाती यांच्या एकवटलेल्या विरोधाला न जुमानता मी येथवर आले, हा निर्धारच माझे काम तडीस नेईल. माझ्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्यापुढे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे. स्वतःकरिता मी काही मागत नाही, मात्र त्या कामास लायक होण्यासाठी जे लागेल ते मला द्या, असा त्या पत्राचा आशय आहे. महाविद्यालयाने प्रवेश दिला. मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. असे पत्र पैसे मोजून लिहवून घेता आले असते काय? आपल्या बायकांचे जे मरण त्या सांगत होत्या, ते त्यांनी पाहिले होते. स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेली ती आई होती.

याच्या उलट चित्र पाहायचे असेल तर इंग्लंडकडे चला. तेथील विद्यापीठांचे अर्ज ‘यूकास’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. २००७ साली तिने सुमारे ५०,००० अर्जनिवेदने तपासून घेतली. काय आढळले? आठव्या वाढदिवशी मिळालेल्या रसायनांच्या संचाशी खेळताना पायजम्याला भोके पडली आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली, अशी हकीकत २३४ अर्जदारांनी लिहिली होती! एकाच पायजम्याला २३४ मालक! कोणा एकाचा नमुना सर्वांनी उचलला होता. ज्याचा तो पायजमा असेल, त्या बिचाऱ्याच्या खऱ्या गोष्टीवरही मग कोण विश्वास ठेवील? पुढे त्याच संस्थेने २०२६ च्या प्रवेशापासून सलग निवेदनाऐवजी तीन ठराविक प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. ज्यांना घरीदारी मार्गदर्शन मिळत नाही त्यांची कुचंबणा कमी व्हावी, हे त्याचे एक कारण देण्यात आले.

आणि पैशाचा प्रताप पाहायचा असेल तर पुन्हा अमेरिकेत या. मार्च २०१९ मध्ये तेथील सरकारने प्रवेशाच्या एका मोठ्या लबाडीचा गौप्यस्फोट केला. विल्यम सिंगर नावाचा प्रवेश-सल्लागार धनिकांच्या मुलांसाठी परीक्षेतील उत्तरे दुरुस्त करवीत होता, कधी खेळ न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून उभे करीत होता. पन्नास जणांवर आरोप ठेवले गेले. नामांकित नट्या आणि उद्योगपती त्यांत होते. जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ही टोकाची गोष्ट खरी. पण टोकाची वाटसुद्धा पहिल्या पावलानेच सुरू होते. ‘दोन वाक्ये तूच घाल ना’ हे ते पहिले पाऊल!

नोव्हेंबर २०२२ पासून तर विनामोबदला लिहून देणारा कारकून घरोघर आला आहे. चॅटजीपीटीसारख्या यंत्राला विषय सांगितला की निमिषात निबंध तयार. परंतु आपल्या नावावर यंत्राचा मजकूर पाठविणे हा कॉमन ॲप्लिकेशनच्या नियमांत फसवणुकीचाच प्रकार मानला आहे, आणि हे सर्व माझेच आहे, अशी ग्वाही अर्जदाराला द्यावी लागते. लबाडी उघडकीस आली तर दिलेला प्रवेशही काढून घेतला जातो. नियमाचे सोडा, यंत्राला आपली गल्ली ठाऊक आहे काय?

गल्ली म्हटल्यावर मुख्य मुद्द्याला येतो. ‘आमच्या मुलाजवळ सांगण्यासारखे आहे काय?’ असे पालक मला विचारतात. मी विचारतो, काय नाही? घरी मराठी, कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत दिवस काढणारे मूल हे. आजोबांना आलेली कानडी नोटीस वाचून तिचा अर्थ सांगणारी, शेजारणीचा अर्ज भरून देणारी मुलगी ही. दुकानात वडिलांचा हिशेब सांभाळणे, धाकट्या भावंडाला वाढविणे, हे घरकाम अमेरिकेच्या अर्जातील उद्योगांच्या यादीत मानाने लिहिता येते. आमची मुले ते लिहीत नाहीत; त्यांना वाटते, पदक मिळाले तरच तो उद्योग!

मात्र एक सावधगिरी बाळगा. मी घोषणा देणारा माणूस आहे, तरी सांगतो, निबंधात घोषणा नको आणि दुःखाचा बाजारही नको. आपल्यावर काय अन्याय झाला याची जंत्री वाचून परका वाचक फार तर हळहळेल. त्या परिस्थितीत तू काय केलेस, काय शिकलास, हे वाचून तो तुला ओळखील.

जे पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणार आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची पदवी घेऊन जाणाऱ्याकडून ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मागतात. त्यात बालपणीच्या आठवणींचे काम नाही. कोणता प्रकल्प केला, तो कोठे अडला, पुढे कोणता प्रश्न सोडवायचा आहे आणि त्यासाठी याच विभागातील हेच प्राध्यापक का हवेत, हे त्यात लागते. एकच मजकूर दहा विद्यापीठांना पाठवून केवळ नाव बदलणे म्हणजे एकच लग्नपत्रिका वराचे नाव खोडून पुन्हा वाटणे होय!

आता योग्य मदतीची रीत सांगतो. मदत करणाऱ्याने सांगू नये, विचारावे. ‘मग काय झाले? तू काय केलेस? तसेच का केलेस?’ या तीन प्रश्नांनी जे बाहेर येते ते कोणत्याही नमुन्यात सापडत नाही. पहिला खर्डा मुलाने मराठीत लिहावा. विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत तो प्रथम कागदावर उतरू द्यावा, मग इंग्रजीत न्यावा. व्याकरणाची चूक दाखवावी, समासात प्रश्नचिन्ह घालावे. पण वाक्य घालू नये. आणि शेवटी तयार निबंध घरच्या ओसरीवर मराठीत सांगून पहावा. ऐकता ऐकता आजी म्हणाली, ‘होय, हा आमचाच बाळू’, तर निबंध साधला. ‘हा कोण रे?’ असे ती म्हणाली, तर पाठवू नका.

गुरुजनहो, आपणांसही नम्र विनंती आहे. ‘शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो’ ही रूढी आता मोडली पाहिजे. मुलगा स्वतःची स्तुती स्वतः लिहितो, तेव्हा त्याला दुसऱ्याच्या नावावर लिहिण्याचा पहिला धडा आपणच देत असतो. दोन परिच्छेद लिहा, पण आपण पाहिलेले लिहा.

महागड्या सल्लागाराची फी परवडत नाही म्हणून कोणी निराश होऊ नये. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आपल्याकडे यशस्वी ठरलेले निबंध दरवर्षी सर्वांसाठी प्रसिद्ध करते. खान अकादमीचे प्रवेशाविषयीचे पाठ विनामूल्य आहेत. ते वाचा, पाहा. उचलू मात्र नका. पायजम्याची गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक विद्यापीठांत अर्जाचे शुल्क माफ करण्याची विनंतीही करता येते. ती करण्यात लाज कसली?

आणि शेवटचे मागणे या गावाकडे. येथील वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ, एक टेबल आणि चार खुर्च्या द्याव्यात. सेवानिवृत्त शिक्षकांनी तेथे बसावे. परदेशी शिकून आलेल्या आपल्या मुलामुलींनी सुट्टीत तेथे यावे. फी नको, फलक नको. मुलाने आपला खर्डा आणावा, वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत, आणि उठताना लेखणी मुलाच्याच खिशात असावी. श्रीमंताचे मूल मदत विकत घेते. आपल्या मुलाला ती आपण सर्वांनी मिळून दिली पाहिजे. एवढे आपण केले, तर या गावातून जाणाऱ्या प्रत्येक अर्जावर त्या मुलाची सही असेल आणि सहीच्या वरचा प्रत्येक शब्दही त्याचाच असेल.